मुलं दीनापासून (धर्मापासून) दूर जातात तेव्हा: गोव्यातल्या मुस्लिम घरांतून वारंवार येणारे प्रश्न

मी फोंडा तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत बाई होते. निवृत्त झाल्यावर जुने विद्यार्थी भेटत राहिले, मग त्यांच्या आया, मग ओळखीतून ओळखी. चहा संपत आला की विषय निघायचा: ‘बाई, पोरगा नमाज पढेनासा झालाय.’ फोनवर तीच उत्तरं लिहून लिहून कंटाळले, म्हणून हे एका जागी उतरवलं. मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही आणि वकीलही नाही. मी नमाजी आहे आणि माझा थोरला नाही, एवढाच माझा अधिकार. प्रश्न बहुतेक आयांचे आहेत, शेवटाकडचे काही मुलांचे.

१. मुलगा जुम्म्यालाही (शुक्रवारच्या नमाजालाही) जात नाही. तो दीनातून बाहेर गेला का?

नाही. आळस वेगळा, इन्कार वेगळा. गोव्यात दखनी घरं बहुधा हनफी आणि कोकणी घरं शाफई, ही सुन्नी धर्मशास्त्राची दोन मतं. या दोन्ही मतांप्रमाणे आळसाने नमाज सोडणारा मोठा गुन्हेगार ठरतो, पण काफिर ठरत नाही. तेव्हा ‘काफिर झालास’ हा शब्द रागाच्या भरातसुद्धा तोंडून काढू नका. तो शब्द पोरं विसरत नाहीत.

आधी पोरगा कुठल्या जातीचा ‘दूर’ आहे ते बघा. एक असतो दमलेला: वेर्णाच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी आठला येतो, त्याला फजर (पहाटेचा नमाज) कुठली सुचणार. दुसरा रागावलेला, त्याचं भांडण अल्लाशी नसतं, बापाशी किंवा मशिदीच्या कमिटीशी असतं. तिसऱ्याला शंका असतात आणि त्या सोडवून हव्या असतात. चौथा खरोखरच मानत नाही. पाचवा ईदपुरता मुसलमान, त्यात सुखी, आणि तसे प्रत्येक धर्मात भरपूर. घरचे या पाचांनाही एकच औषध देतात, ते म्हणजे बयान, प्रवचन.

२. असं होतं तरी का? मोबाइलमुळेच ना?

मोबाइल शेवटी येतो. प्रश्न आधी असतो, मोबाइल फक्त रात्री दोन वाजता उत्तर द्यायला जागा असतो. घरातलं दुसरं कोणी त्या वेळी जागं नसतं, आणि जागं असलं तरी ‘असं विचारायचं नसतं’ म्हणून गप्प करतं.

मकतबमध्ये (मशिदीच्या शाळेत) पोरं सिपारे (कुराणाचे भाग) घडाघडा वाचतात, अर्थ एका ओळीचाही माहीत नसतो. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांती येते, ती घरी कोणाला विचारायची? पण माझ्या अनुभवात गोव्यातल्या मुलांना खरा टोचणारा प्रश्न विज्ञानाचा नसतोच. तो शेजाऱ्यांचा असतो. तिसरीतल्या एका मुलीने मला मधल्या सुट्टीत विचारलं होतं, ‘बाई, आमच्या शेजारच्या काकी जहन्नममध्ये जाणार?’ ही काकी म्हणजे जिने, पोरीची आई बाळंतपणात दवाखान्यात असताना, तिला महिनाभर जेवू घातलं होतं. चवथीला नेवऱ्यांचं ताट तिच्याकडून यायचं, ईदीला शीरखुर्म्याचं पातेलं उलट जायचं. मी त्या दिवशी ‘ते अल्लाला माहीत’ म्हणून सुटका करून घेतली. उत्तर तसं चुकीचं नव्हतं, पण मी ते घाईघाईने, तिला गप्प करायला दिलं, आणि पोरींना तेवढं कळतं.

दुसरं कारण दुटप्पीपणा. बाप जहाजावर नऊ महिने काय करतो ते पोराला त्याच्या फोटोंतून दिसतं, आणि सुट्टीवर आला की तोच बाप तरावीह (रमजानातला रात्रीचा नमाज) चुकली म्हणून ओरडतो. मशिदीच्या कमिटीत चंद्याच्या हिशेबावरून हाणामारीपर्यंत गोष्ट जाते, ती पोरांसमोरच.

तिसऱ्या कारणाबद्दल आपण कमी बोलतो. पुण्यात किंवा बंगळूरला खोली शोधताना नाव सांगितलं की समोरचा ‘खोली गेली’ म्हणतो. असं पाचदा झालं की काही पोरं जास्त धार्मिक होतात, काही नावच लपवायला शिकतात. नाव लपवता लपवता त्यामागचं बाकीचंही हळूहळू पुसलं जातं. अशा मुलाशी वाद घालून काय होणार? त्याला कोणी पटवून दूर नेलेलंच नाही.

३. गोव्याचं वातावरणच असं आहे. बार, बीच, पार्ट्या. इथून बाहेर पाठवलं तर सुधारेल?

दारूच्या दुकानात लपून बसलेला पोरगा बहुधा मानणारा असतो, म्हणून तर लपतो. व्यसन असेल तर तो आजार आहे, त्याचा इलाज वेगळा. आणि गोव्यातला मुसलमान मिसळून राहायला काल शिकलेला नाही. फोंड्याची सफा मशीद १५६० ची, म्हणजे अल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवे शहर घेतल्यानंतर पन्नास वर्षांनीही इथे आदिलशाही होती. त्यानंतर पोर्तुगीज आले, गेले, आणि आपण शेजारी वाजणाऱ्या घंटा आणि आरत्यांमध्येच रोजे धरत आलो. पोराला बळेच दूरच्या मदरशात टाकल्याची तीन उदाहरणं मी पाहिली आहेत. तिन्ही परत आले, दोघं जास्त गप्प होऊन.

४. किती मुलं दूर जातात? आकडा आहे का?

गोव्यापुरता असा आकडा कोणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात १,२१,५६४ मुस्लिम आहेत, लोकसंख्येच्या ८.३३ टक्के. पण जनगणनेचा माणूस दारात येतो तेव्हा सगळ्यांचा धर्म घरातलं एक मोठं माणूस सांगून टाकतं. खोलीत बसलेल्या पोराला कोणी विचारत नाही. प्यू या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये भारतातल्या सुमारे ३०,००० प्रौढांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात ९८ टक्के लोकांनी लहानपणीचा आणि आताचा धर्म एकच सांगितला. याच संस्थेच्या अमेरिकेतल्या पाहणीत मुस्लिम घरात वाढलेल्यांपैकी २३ टक्के स्वतःला आता मुस्लिम म्हणवत नव्हते. दोन देशांत ईमानाचा, म्हणजे श्रद्धेचा, एवढा फरक असेल असं मला वाटत नाही. इथे नाव सोडणं महाग पडतं म्हणून लोक नाव ठेवतात आणि बाकीचं सोडतात, असा माझा अंदाज आहे.

५. मुलाने तोंडावर सांगितलं, ‘मी मानत नाही’. त्या वेळी काय करायचं?

मी काय केलं ते सांगते, तसं करू नका.

२०१६ चा रमजान भर पावसात आला होता. थोरला पुण्याहून आला होता. सेहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) मी त्याला उठवायला गेले. वीज गेलेली, हातात बॅटरी. तो आधीच जागा होता. म्हणाला, ‘अम्मी, मी धरत नाही. दोन वर्षं झाली. मानतच नाही.’ मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? ‘हळू बोल, अब्बा ऐकतील.’ अल्लाचं नाव नंतर कधीतरी आलं. चूल पेटलेली होती, मी जाऊन पोळ्या लाटायला लागले, चार जास्तच लाटल्या. सहाच्या सुमाराला पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला तेव्हा त्याने स्वतः जाऊन पाव घेतले आणि खिडकी लावून, चहात बुडवून खाल्ले. खिडकी त्याने माझ्यासाठी लावली होती, हे मला कळायला वर्ष गेलं.

त्या वेळी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. कुराणावर हात ठेवून कसम घ्यायला लावू नका. फोन हिसकावू नका. मामूला, चाचाला बोलावू नका. चार मोठे एकीकडे आणि पोर एकीकडे, अशा बैठकीतून पोर एकच धडा घेतं, की पुढच्या वेळी सांगायचं नाही. विचारायचं एवढंच: कधीपासून? काय झालं होतं? आणि उत्तर येईल ते मध्ये न तोडता ऐकायचं. तुम्हाला रडू आलं तर रडा, त्यात काही वावगं नाही. पण ‘तू मला मारून टाकशील’ हे वाक्य गिळा.

घर सोडून जा असं तर म्हणूच नका. ईमान आईबापाच्या हातात नसतं, ‘दीनात जबरदस्ती नाही’ हे कुराणातच आहे. दार मात्र तुमच्या हातात असतं.

६. इमामसाबांकडे नेऊ का? ते समजावतील.

मुलगा स्वतः तयार असेल तर, आणि इमाम ऐकून घेणारा असेल तर. आधी तुम्ही एकट्याने जाऊन त्यांना भेटा. ‘मुलाला शंका आहेत’ एवढंच सांगा आणि ते पहिला प्रश्न काय विचारतात ते बघा. ‘कोणाच्या संगतीत आहे?’ असं विचारलं तर चहा घेऊन परत या.

चांगला आलिम शंकेला घाबरत नाही. हदीस आहे: काही सहाबा (पैगंबरांचे साथी) पैगंबरांकडे येऊन म्हणाले, आमच्या मनात असे विचार येतात की ते बोलायचीही हिंमत होत नाही. पैगंबरांनी उत्तर दिलं, हेच तर उघड ईमान आहे. मोठे इस्लामी विद्वान इमाम गझालींनी १०९५ मध्ये बगदादच्या मदरशातली शिकवण्याची मोठी जागा सोडली, तेव्हा त्यांच्या मनाची अशी ओढाताण झाली होती की वर्गात जीभ चालेना. हे शंका असलेल्या मुलाला सांगा, त्याला धीर येतो. न मानणाऱ्याला सांगून उपयोग नाही. तो ऐकून घेईल, तुमचा मान राखून.

मुलगा झोपत नाही, जेवत नाही, जगण्याला अर्थ नाही म्हणतो, तर तो मौलानांचा विषय नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ वर फोन करा किंवा बांबोळीच्या मनोरुग्ण इस्पितळात दाखवा.

७. मुलीने हिजाब काढला. मुलगा काही करो, मुलीचं तर चालणार नाही ना?

का चालणार नाही, ते आधी स्वतःला विचारा. हा प्रश्न मला मुलाबद्दल कोणी ‘चालणार नाही’ म्हणून विचारत नाही, ‘काय करू’ म्हणून विचारतं. मुलीही हा फरक बघतात, आणि अनेक मुलींचं दूर जाणं नेमकं इथून सुरू होतं: भावाला रात्री अकरापर्यंत मोकळीक, तिला सातला घरात. डोक्यावरून कापड काढणं म्हणजे दीन सोडणं नव्हे. माझ्या दादीने आयुष्यभर साडीचा पदर घेतला, बुरखा कधीच नाही, आणि तिची तहज्जुदही (मध्यरात्रीनंतरचा ऐच्छिक नमाज) कधी चुकली नाही.

मुलीचं शिक्षण थांबवून लग्न उरकणं हा ‘उपाय’ मी चार घरांत पाहिला. १८ च्या आत लग्न हा गुन्हा आहे. १८ नंतरही असं करून तुम्ही तिची शंका तिच्या नवऱ्याच्या गळ्यात घालता, तिच्या मुलांच्याही.

८. आमचं उलट झालंय. मुलगा इतका कडक झालाय की दादी उरूसाला गेली तर शिर्क (अल्लाशी दुसऱ्याला सामील करणं) म्हणतो. हेही दूर जाणंच का?

हा प्रश्न आता वाढलाय. माझ्या मते घरापासून दूर जाणं आहेच. ग्यारवी (पीरांच्या नावाने अकरावीला करतात ती), फातिहा (मृतांसाठीची दुआ), दर्ग्यावरची चादर यांत वाढलेल्या दादीला नातू सांगतो की तुझं सगळं चुकलं. मसलक (पंथ) बदलणं हा त्याचा हक्क आहे, दादीच्या ताटातला फातिहाचा मलीदा टाकून देणं हा नाही. इथेही प्रश्न ५ मधलंच: कधीपासून, काय झालं. बऱ्याचदा नोकरी गेलेली असते किंवा कोणीतरी मेलेलं असतं.

९. जमातीला कळलं तर वाळीत टाकतील का?

कमिटी फार तर तुमचा चंदा घेणार नाही, लग्नाला येणार नाही, निकाहनामा द्यायला खळखळ करेल. त्रास होतो, नाही म्हणत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, पण तो महाराष्ट्रापुरता, सावंतवाडीच्या अलीकडे त्याचा उपयोग नाही. धमकी किंवा मारहाण झाली तर मात्र नेहमीचा फौजदारी कायदा आहे आणि ११२ नंबर आहे.

खरं सांगायचं तर जमातीला बातमी देतं कोण? मी पाहिलेल्या बहुतेक घरांत आईनेच, दुआ करा म्हणून, चार जणींना सांगितलेलं होतं.

१०. धर्म सोडला तर वारसाहक्क जातो का? नवरा म्हणतो, एक पैसा देणार नाही.

मूळ गोमंतकीय कुटुंबात असं करता येत नाही. १९३७ चा शरियत कायदा गोव्याला लागू नाही. १९६१ च्या मुक्तीनंतरही १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालू ठेवली गेली आणि आता वारशासाठी गोव्याचा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. धर्म कुठलाही असो, मुलगा-मुलगी सारखे वारस. आईबापाच्या मालमत्तेतला अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव असतो, त्याला जुने लोक लेजितिमा म्हणतात. मृत्युपत्राने फक्त उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते ठरवता येतं. मुलाला पूर्ण बेदखल करायला कायद्याने सांगितलेलीच कारणं लागतात, आणि ‘नमाज पढत नाही’ हे त्यात नाही. शिवाय लग्नानंतर वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवराबायकोची निम्मी-निम्मी. म्हणजे ‘एक पैसा देणार नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्याच्या हातात सगळे पैसे नाहीतच, अर्धे तुमचे आहेत.

गोव्याबाहेर चित्र वेगळं आहे. केरळातली, धर्म न मानणारी, पण मुस्लिम घरात जन्मलेली एक स्त्री ‘मला शरियत लावू नका’ म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तिचा अर्ज ऐकायला घेतला. कर्नाटकातून किंवा कोकणातून येऊन इथे स्थायिक झालेल्या घरांनी आपल्याला कुठला कायदा लागतो ते आधी वकिलाकडून पक्कं करून घ्यावं.

११. मुलाला कॅथलिक मुलीशी लग्न करायचंय. धर्म बदलावा लागेल का?

कायद्याने नाही. गोव्यात नागरी नोंदणी अशी होते: निबंधकापुढे पहिली सही, मग नोटिशीचा काळ, मग दुसरी सही. आपल्याकडचा नुसता निकाहही या सह्यांशिवाय कागदावर लग्न ठरत नाही, हे अजून कित्येक घरांना माहीत नाही. शरियतप्रमाणे मुस्लिम पुरुषाला ख्रिस्ती किंवा यहुदी स्त्रीशी निकाह जायज आहे. मुस्लिम स्त्रीच्या बिगरमुस्लिम पुरुषाशी लग्नाला मात्र परंपरेतले आलिम परवानगी देत नाहीत. तेव्हा मुलीच्या बाबतीत घरातलं भांडण जास्त तीव्र असणार, ते धरून चाला आणि प्रश्न ७ पुन्हा वाचा.

१२. (एका मुलाचा प्रश्न) मी मानत नाही. घरी सांगू का?

तुला सांगायलाच हवं असं नाही. फी कोण भरतं? राहतोस कुठे? बापाचा हात उठतो का? ही तीन उत्तरं वाईट असतील तर थांब. हा ढोंगीपणा नव्हे. १८ च्या आतला असशील आणि मारहाण होत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन कर.

सांगायचं ठरवलंस तर एकालाच सांग, सगळ्यांत शांत माणसाला. बऱ्याच घरांत ती खाला असते. रमजानात, ईदीच्या आदल्या रात्री किंवा मयतीच्या घरात नको. आणि वाद जिंकायला जाऊ नकोस. आईला तुझे मुद्दे नको असतात, तू फोन उचलणार की नाही एवढंच हवं असतं.

कायद्याचं म्हणशील तर घटनेच्या २५ व्या कलमात सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे, धर्म न मानणं हा भारतात गुन्हा नाही. मुद्दाम, द्वेषाने धर्माचा अपमान करणं हा गुन्हा आहे (भारतीय न्याय संहितेचं कलम २९९). दोन्हींतला फरक रात्री दोनला पोस्ट लिहिताना ध्यानात राहत नाही. तुझे अब्बा गल्फात असतील किंवा तू तिकडे नोकरीला जाणार असशील तर आणखी जपून. तिथले धर्मनिंदेचे कायदे कडक आहेत आणि जुनी पोस्टही कोणीतरी उकरून काढतं.

१३. मनात नसताना ईदीच्या नमाजाला उभं राहणं खोटं नाही का?

हे तुझं तू ठरव. माझा थोरला ईदगाहपर्यंत अब्बांना गाडीने सोडतो आणि बाहेर चपलांपाशी उभा राहतो. पहिल्या वर्षी मला ते मुळीच न येण्यापेक्षाही जास्त लागलं होतं.

१४. मेल्यावर कब्रस्तानात जागा मिळेल का?

हा प्रश्न पंचवीस वर्षांची पोरं विचारतात, आणि ती थट्टेत विचारत नाहीत. व्यवहारात ज्याने जाहीर इन्कार केलेला नाही त्याच्या जनाज्याला सहसा कोणी आडवं येत नाही. नको असेल तर तेही होऊ शकतं. आपल्याच चिपळूणजवळचे हमीद दलवाई, ज्यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, १९७७ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन झालं. अशी काही इच्छा असेल तर लिहून ठेव आणि जवळच्या दोघांना सांग. त्या दिवशी निर्णय घरचेच घेतात, आणि घाईत घेतात.

१५. मुलगा पाच वर्षांनी आपणहून जुम्म्याला आला. आता काय करायचं? कलमा (ईमानाची कबुली) पुन्हा पढवायचा का?

नुसता आळस होता तर तौबा पुरे. तोंडाने इन्कार केला असेल तर आलिम पुन्हा कलमा पढायला सांगतात, आणि लग्न झालेलं असेल तर निकाहबद्दलही विचारावं लागतं. हनफी-शाफई तपशील वेगळे आहेत, ते इमामसाबांना विचारा, पण मुलाने विचारायला सांगितलं तरच. शुक्रवारी तो आलाय तर चुकलेल्या नमाजांचा हिशेब काढू नका, शेजारणीला फोन करू नका. पुढच्या शुक्रवारी नाही आला तरी काही बोलू नका. त्या दिवशी त्याला रश्श्यातला मोठा तुकडा वाढा, शुक्रवार असो की मंगळवार.